सांगली-साताऱ्याकडचं लोकसंगीत आणि उन्हाळ्याचा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा सरला की विचारणा सुरू होते. हलगी कुठं शिकायला मिळेल? ओव्या ऐकायच्यात, कुठल्या गावाला जाऊ? पोराला सुट्टीत ढोलकीला घालायचंय, कोण शिकवतं? सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या हौशी मंडळींकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आमच्या भागात लोकसंगीताचा क्लब आहे का? सभासद कसं व्हायचं?

आहे, आणि बहुधा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फक्त त्याला क्लब म्हणत नाहीत. गावातलं भजनी मंडळ, धनगरवाड्यावरचं गजी मंडळ, तालमीचं लेझीम पथक, शाहिराचं कलापथक, वाजंत्र्यांचा ताफा, हेच आपल्याकडचे संगीत क्लब. त्यांना पाटी नसते, सभासदत्वाचा अर्ज नसतो. असते ती वर्गणी आणि हजेरी.

भजनी मंडळ ही सगळ्यात सोपी वाट आहे. एकादशीला किंवा मंडळाच्या ठरलेल्या वारी रात्री जेवणं उरकून देवळात जा, मागच्या ओळीत बसा. कुणीतरी हातात टाळ देईलच. पहिले काही दिवस फक्त टाळ धरा आणि ध्रुवपद उचला. चाल अंगात भिनली की बुवाच एखादा अभंग तुमच्याकडे देतात. शहरातून आलेल्या माणसाला असं बसून राहणं जड जातं, पण शिकणं खरं तिथंच होतं.

उन्हाळ्यातच एवढी गर्दी का?

रब्बी निघालेली असते, रान मोकळं असतं, साखर कारखान्यांचे पट्टे पडलेले, म्हणजे गाळप संपलेलं असतं. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा येतात आणि त्यातच लगीनसराई. मुंबई-पुण्याला गेलेली माणसं याच दिवसांत गावाकडं येतात. वाजवणारा, गाणारा आणि ऐकणारा एकाच वेळी गावात सापडतो तो या दोन महिन्यांत. मिरग निघाला की पेरणीची गडबड सुरू होते आणि ढोल खुंटीला लागतात.

सगळ्या जत्रा तिथीवर असतात, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर बघून ठरवा, आणि निघण्याआधी त्या गावातल्या कुणाला तरी फोन करून खात्री करा.

मोठ्या जत्रांपैकी संगीतासाठी कुठं जावं?

शिखर शिंगणापूर, तालुका माण. चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न लागतं आणि द्वादशीला मानाच्या कावडी मुंगी घाटानं वर चढतात. घाट उभा आणि निसरडा. खांद्यावर कावड, माणसांची साखळी, आणि ढोल-झांजांच्या ठेक्यावर "हर हर महादेव"चा गजर. तिथलं वादन मनोरंजनासाठी नसतं. चढणाऱ्याचा दम त्या ठेक्यावर टिकतो. वाद्य आणि अंगमेहनत यांचं नातं बघायचं असेल तर घाटाच्या पायथ्याशी उभं राहून ऐका.

आटपाडी तालुक्यात खरसुंडीचा सिद्धनाथ. चैत्री यात्रेला सासनकाठ्या, गुलाल, पालखी आणि ढोलांचा गजर. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीचं बिरोबाचं बन. पाडव्याच्या सुमारास तिथं धनगर समाज लोटतो आणि ओव्या नि ढोल ऐकावेत तर तिथंच. वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड रंगपंचमीला, म्हणजे उन्हाळ्याच्या उंबऱ्यावर येतं.

तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला वेगळा आहे. मोठ्या यात्रेत गर्दी एवढी असते की ऐकू येतो तो फक्त कल्ला. आधी दोन-तीन हजार वस्तीच्या एखाद्या गावच्या जत्रेला जा. मित्राचं, पाहुण्याचं, सोबत काम करणाऱ्याचं गाव चालेल. जेवायला घरी नेतील, आणि वाजवणारा हाताच्या अंतरावर असेल.

गावच्या जत्रेत नेमकं कधी काय ऐकायला मिळतं?

क्रम गावोगाव थोडा बदलतो, पण साधारण असा. पहिल्या दिवशी नैवेद्य. संध्याकाळनंतर छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक निघते. पालखीपुढं सनई, हलगी, ढोल, लेझीम. पालखी दारोदार थांबते, त्यामुळं छबिना तासन् तास चालतो. मध्यरात्रीनंतर बघे पांगतात आणि तेव्हाच खरी मजा येते. सनईवाला घाईतून सुटलेला असतो, एखादी जुनी चाल लांबवतो, आणि ढोलवाले एकमेकांना सवाल टाकू लागतात.

रात्री तमाशा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची (तमाशा मंडळाची) हजेरी, म्हणजे सकाळचा खेळ. हजेरीला फारसा थाटमाट नसतो, पण दिवसाउजेडी, कमी गर्दीत, गाणं आणि ढोलकी जवळून ऐकायला मिळते. बाहेरून आलेले बहुतेक जण हजेरीआधीच परततात. थांबा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

दुपारी कुस्त्यांचं मैदान. तिथं हलगी, घुमकं हे घुमणारं चर्मवाद्य आणि कैताळ ही झांज. जोड लागली की हलगी संथ चालते, पकड घट्ट होईल तशी लय चढते, आणि चितपट झाली की एकदम कडाडते. चांगला हलगीवाला कुस्ती वाचतो. त्याची नजर पैलवानांच्या पायांवर असते. मैदानात बसायला जागा निवडताना कुस्ती नीट दिसेल अशी न बघता हलगीवाले दिसतील अशी बघा.

तमाशाला कुटुंबासह जाता येईल का?

जत्रेतल्या फडाला गावच्या बायकापोरं येतात, पण रात्र लांबते. फडाची चौकशी आधी करून जावं. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा जुना बाज आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी मधल्या वेळात सिनेमाची गाणी वाढली आणि वग आटला, हे खरं आहे. पण गणेशवंदनेचा गण आणि कृष्ण-पेंद्याची गवळण ऐकल्याशिवाय तमाशाबद्दल मत बनवू नका.

आणि ही परंपरा आपल्या घरची आहे. पठ्ठे बापूराव, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांचा जन्म १८६६ सालचा, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. गावातल्या जात्यावरच्या ओव्या आणि तमाशाचे फड ऐकत ते वाढले आणि घरदार, कुळकर्णीपण सोडून फडात गेले. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे ही जुळी भावंडं. त्यांच्या विनोदानं महाराष्ट्र हसवला. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या नाटकामुळं. तमाशाचं ऋणही तेवढ्याच मानानं सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

गजीनृत्य आणि धनगरी ओवी म्हणजे एकच का?

नाही. गजी हा ढोलाच्या तालावरचा नाच. धोतर, अंगरखा, फेटा, दोन्ही हातांत रंगीत रुमाल. मधे ढोल आणि झांजा, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण. सुरुवात इतकी संथ असते की नवख्याला वाटतं, अजून सुरूच झालं नाही. पुढचा गडी इशारा करतो, घाई, म्हणजे ढोलाचा ठेका, बदलते, आणि सगळं रिंगण एका पावलात वळतं. वयस्कर माणसं यात तरण्यांपेक्षा जास्त टिकतात, कारण ती उड्या मारत नाहीत, ठेका पायात ठेवतात.

ओवी ही कथा आहे. "सुंबरान मांडलं" असं म्हणत सुरुवात होते. एकानं गायचं, बाकीच्यांनी शेवट उचलायचा, मग तेच बोलून सांगायचं आणि पुन्हा गाणं. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा-बाणाई यांच्या कथा रात्र रात्र चालतात. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं आयुष्यातला मोठा काळ धनगरांबरोबर हिंडण्यात घालवला, तो या ओव्यांसाठी आणि त्यांच्या देवांसाठी. आपण तर त्यांच्या शेजारी राहतो.

ऐकणाऱ्यानं एवढंच पाळायचं: कथा सुरू असताना मधेच उठू नये. ओवी देवापुढं गायली जाते, आपण तिथं केवळ बसलेले असतो. कथा पहिल्या फटक्यात कळत नाही. माणदेशी बोली कानाला सरावेपर्यंत एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसा आणि थांबल्यावर विचारा. आनंदानं सांगतात.

हलगी शिकायची आहे. कोण शिकवेल?

वर्ग शोधण्यापेक्षा माणूस शोधा. तुमच्या भागात कुस्तीच्या मैदानात किंवा मिरवणुकीत वाजवणारा ताफा गाठा आणि सरळ विचारा. हलगी म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं. एका हातात जाड काडी, दुसऱ्यात लांब बारीक छडी. घुमकं खालचा घुमारा देतं, कैताळ कडा. तिघं मिळून एक वाद्य होतं, त्यामुळं घरी एकट्यानं सराव करून अर्धंच येतं.

वाजवण्याआधी हलगी शेकतात. रस्त्याच्या कडेला उसाचं पाचट पेटवायचं, हलगी तोंडानं जाळाकडं धरून फिरवत राहायची, मधून मधून बोटानं टिचकी मारून ऐकायचं. आवाज आधी बसका, ओला येतो. मग हळूहळू वर चढतो आणि एका क्षणी टणकन वाजतो. तिथं हात मागं घ्यायचा. एवढंसं जास्त झालं तर कातडं जातं. हे कान तयार झाल्याशिवाय हलगी येत नाही, आणि हे कुठल्याही व्हिडिओत शिकता येत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो. हलगी, सनई, संबळ ही वाद्यं आपल्याकडं जातीनं वाटून दिलेली होती. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ती जगवली त्यांना गावानं मांडवाच्या बाहेर उभं केलं, शेवटी जेवू घातलं. आज हलगी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आणि राजकीय सभांत मिरवते आहे, ही चांगलीच गोष्ट. पण शिकायला जाताना त्या माणसाला गुरू म्हणून मान द्या, फी ठरवून वेळेवर द्या, आणि कार्यक्रमात वाजवाल तेव्हा त्यांचं नाव घ्या. पंक्तीला त्यांना शेजारी बसवा. ज्याला एवढं जमत नसेल त्यानं हलगीला हात लावू नये.

ओळख नसताना गोंधळाला किंवा जागरणाला जावं का?

हे घरचं कुळाचार कार्य आहे. बिनबोलावता जाऊ नये. पण लगीनसराईत लग्नानंतर गोंधळ-जागरण घरोघर असतं, त्यामुळं आमंत्रण मिळणं अवघड नाही. गोंधळात संबळ, तुणतुणं, दिवटी आणि देवदेवतांना नावानिशी गोंधळाला येण्याचं आवतन. जागरणात वाघ्या-मुरळी, दिमडी, खंजिरी, तुणतुणं, आणि शेवटी लंगर (लोखंडी साखळी) तोडणं. देवाच्या ताटात यथाशक्ती ओवाळणी टाका. पहाटेपर्यंत थांबायची तयारी ठेवा, कारण आख्यान मध्यरात्रीनंतर रंगतं.

बायकांची गाणी कुठं ऐकायला मिळतील?

दळणाची जाती बंद पडली, तरी ओव्या संपलेल्या नाहीत. लग्नघरात हळद दळताना, घाणा भरताना आजही एखाद्या आजीला पुढं करतात. जात्याचा खुंटा नावापुरता धरलेला असतो, चार हळकुंडं दळल्यासारखी करतात, पण आजीनं पहिली ओवी काढली की तिच्या शेजारची दुसरी ओळ पुरी करते. मग त्यांना थांबवता येत नाही. भावावरच्या, माहेरच्या वाटेवरच्या, विठ्ठलावरच्या ओव्या एकामागून एक निघतात.

तुमच्या घरात साठी-सत्तरीची बाई असेल तर सगळी यादी बाजूला ठेवा आणि आधी तिच्याजवळ बसा. "गा" म्हणून सांगू नका, लाजते. एखादी अर्धी ओवी चुकीची म्हणा. ती दुरुस्त करेल आणि पुढची म्हणेल.

या कामात आपल्या जिल्ह्याचं मोठं नाव म्हणजे डॉ. सरोजिनी बाबर. वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून त्यांनी बायकांच्या तोंडची गाणी छापील कागदावर आणली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ आज इंटरनेटवर आवाजासकट ऐकता येतात. शिवाय महिला भजनी मंडळं सध्या पुरुषांच्या मंडळांपेक्षा जास्त जोमात आहेत. नव्या मुलींना शिकायचं असेल तर तिथं दार उघडंच आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी काही असतं का?

असतं. शाहिरी, लेझीम, ढोलकी, भजन यांची छोटी शिबिरं शाळा, वाचनालयं, तालमी घेतात. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालयही वेगवेगळ्या लोककलांची प्रशिक्षण शिबिरं भरवतं. जाहिरात बहुतेक वेळा स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर किंवा नाट्यगृहाच्या फलकावर असते. सांगलीचं भावे नाट्यमंदिर, मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह, साताऱ्याचं शाहू कलामंदिर इथं चक्कर टाकली तर कळतं.

शिबिर निवडताना एकच बघा: पहिल्या दिवशी मुलांना काय करायला लावतात? चांगला शिक्षक वाद्य हातात देण्याआधी टाळी आणि तोंडानं बोल म्हणायला लावतो. शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी रेकॉर्ड लावून नाच बसवणार असतील तर ते शिबिर नृत्याचं आहे, लोकसंगीताचं नाही.

पोवाडा शिकायचा आहे. फक्त शिवजयंतीपुरता नको.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. शाहिराला डफ-तुणतुण्याइतकीच बातमीची आणि इतिहासाची जाण लागते. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (जन्म १ ऑगस्ट १९२०) आणि वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (१९२३-२०१५) ही दोन टोकं समोर ठेवा. एकानं अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथकातून कामगारांचं दुःख गायलं, दुसऱ्यानं महाराष्ट्राची लोकधारा रंगमंचावर आणली आणि ज्याला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला ते गीत घराघरांत पोचवलं. दोघांची शब्दफेक ऐका. पोवाड्यात आवाज मोठा लागतो असा समज आहे, प्रत्यक्षात शब्द स्पष्ट लागतो. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. झीलकरी म्हणून मागं उभं राहून वर्षभर जी-जी करा, मग पुढं या.

वाद्य कुठून घ्यावं? उन्हाळ्यात जपायचं कसं?

मिरज. तिथली सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती शास्त्रीय संगीताची वाद्यं, पण त्याच कारागिरांच्या गल्लीत एकतारी, वीणा, हार्मोनियमची दुरुस्ती यांचीही चौकशी करता येते. ढोलकी, पखवाज, संबळ यांसाठी गावच्या भजनी मंडळानं ज्याच्याकडून पुडी (वाद्याच्या तोंडाचं कातडं) बसवली त्याचाच पत्ता घ्या. यंत्रावर ताणलेली स्वस्त ढोलकी घेऊ नका, कानाला खोटा सूर लागतो.

एप्रिल-मेमध्ये कातडं ओढतं आणि आपोआप चढतं. वापरून झालं की ढोलकी उतरवून ठेवा, म्हणजे कड्या किंवा गठ्ठे सैल करा. गाडीच्या काचेमागं, पत्र्याखाली ठेवू नका. दुपारी नुसती ठेवलेली पुडी फाटते. पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) लावलेली कणीक भजन झाल्याबरोबर खरवडून काढा, नाहीतर वाळून कातडं धरते आणि रात्री उंदीर येतात.

रेकॉर्डिंग केलं तर चालेल?

विचारून. गाणाऱ्याला आधी सांगा, कुठं टाकणार तेही सांगा, आणि टाकाल तेव्हा नाव नि गाव लिहा. देवघरातलं कार्य असेल तर मोबाइल खिशात बरा. पारंपरिक ओवी कुणा एकाच्या मालकीची नसते, पण शाहिरानं रचलेल्या गाण्यावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या वारसांचा हक्क राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या रचना खुल्या आहेत. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यांच्या नाहीत.

सोसायटीत किंवा कॉलनीत कार्यक्रम ठेवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

तारीख फेब्रुवारीतच पकडा, कारण चैत्रात चांगला ताफा मोकळा सापडत नाही. इसार देऊन सुपारी पक्की करा. बिदागी किती, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, मुक्काम कुठं, हे आधी बोला. "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य कलावंताला ऐकवू नका. कार्यक्रम संपल्यावर पाकीट त्याच रात्री हातात गेलं पाहिजे. ताफ्याला पुढच्या गावाला जायचं असतं, आणि उधारी मागायला परत येणं त्याला परवडत नाही.

लाऊडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद करावा लागतो, म्हणून संध्याकाळी सहालाच सुरू करा. खरं सांगायचं तर अंगणात दीडशे माणसांपुढं हलगीला किंवा ढोलकी-तुणतुण्याला माइकची गरजच नसते. एक दिवस बिनमाइकचा करून बघा, लोक आपोआप गप्प बसतात.

गावात कुणी वयस्कर कलावंत हलाखीत असतील तर त्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं असलेल्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेची माहिती द्या. महिना ५,००० रुपये मिळतात. चौकशी पंचायत समितीत करावी. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी ती आहे, आणि अडतं ते बहुतेकदा कला केल्याच्या पुराव्यावर. तुमच्याकडं त्यांच्या कार्यक्रमांचे जुने फोटो, पत्रिका, हँडबिलं असतील तर शोधून द्या.

आमच्या जत्रेत डीजे लावतात. काय करावं?

भांडून उपयोग होत नाही. जत्रा कमिटीच्या बैठकीला जा. ती पाडव्याच्या आधी होते आणि तिथं तरुण कमी येतात. वर्गणीतला काही भाग छबिन्यापुढच्या पारंपरिक वाद्यांसाठी राखून ठेवा, एवढीच मागणी मांडा. पैसे देणारा एकजण आधी तयार ठेवा, म्हणजे ठराव होतो. ज्या पोरांना डीजे हवा असतो त्यातलीच दोघं ढोल गळ्यात अडकवायला पुढं येतात, फक्त त्यांना ढोल द्यायला कुणीतरी पाहिजे.

सोबत काय न्यावं?

पाण्याची मोठी बाटली, टोपी किंवा उपरणं, बसायला सतरंजी, बॅटरी, सुटे पैसे. माण, खटाव, जत, आटपाडीकडं दुपारी ऊन फार कडक असतं. बारा ते चार सावलीत काढा. परतीची शेवटची एसटी किती वाजता ते उतरल्याबरोबर कंट्रोलरला विचारून ठेवा. जत्रेत जादा गाड्या सुटतात, पण त्या हजेरीच्या वेळेला असतीलच असं नाही, म्हणून मुक्कामाची सोय आधीच बघा. देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात पुष्कळ जण झोपतात, विचारलं तर जागा देतात.